गप्प झालेलं धुराडं

१

ही गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच तुम्हाला पटणार नाही. ज्यांच्या डोळ्यांदेखत घडली त्यांनाही पटली नव्हती, तिथे तुमची काय कथा!

आधी थंडीचं सांगितलं पाहिजे. त्या साली थंडी अशी पडली होती की रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड खाली येता येता गोठायचा. सकाळी झाडूवाल्या बायका तो खराट्यानं गोळा करून गटाराच्या कडेला ढीग लावायच्या. हसू नका, मंडळी. कुत्री भुंकायला तोंड उघडायची आणि आत वारा शिरेल म्हणून तसंच मिटायची. एक न्हावी गिऱ्हाइकाला साबण लावून वस्तरा आणायला आत गेला, तो परत येईस्तोवर साबण दगड झालेला. शेवटी सुतार बोलवावा लागला.

तर अशा थंडीत, एका सकाळी, एका अरुंद गल्लीतल्या कामशाळेत वस्ताद जमिनीवर पडलेले सापडले.

वस्ताद म्हणजे व्हायोलिन बनवणारा म्हातारा. हात सोन्याचा, कान देवाचा आणि जीभ रंध्याची. ज्याच्यावरून फिरेल त्याची साल काढून मोकळी. कामाच्या बाकाशेजारी ते कुशीवर पडले होते. पोटाशी नवं कोरं, अजून रोगणही न लागलेलं व्हायोलिन आणि मुठीत ते वाजवायचा गज. अंगावर ओरखडा नाही, खोलीत झटापट नाही. फक्त गाल गुलाबी. इतके टवटवीत गाल त्या घरात कोणी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

“म्हणजे मेले?” ऐकणाऱ्यांतल्या पुढच्या बाकावरून कोणीतरी विचारलंच.

घाई काय आहे? पाणी उकळायच्या आत कप पुढे करू नये.

वस्तादांना उचलून गाडीत घातलं, गाडी गेली. मागे उरली तीन माणसं. एक थोरला मुलगा. तो वाद्यं विकायचा, गिऱ्हाइकांना जुळवून द्यायचा. दुसरी नणंद, म्हणजे वस्तादांची मुलगी. सासरहून परतलेली, त्या गोष्टीला जमाना लोटलेला, आता स्वयंपाकघर तिचं राज्य. आणि तिसरी धाकटी सून. तिचा नवरा वारल्यापासून ती बाकावर वस्तादांच्या शेजारी बसून काम शिकत होती. शिकत होती म्हणणंही चूक. शेवटची काही व्हायोलिनं निम्मी तिच्याच हातची होती, आणि ही गोष्ट वस्ताद गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं सांगायचे. थोरल्यासमोर तर जरा जास्तच मोठ्यानं.

पोलिसांनी पहिला प्रश्न विचारायच्या आत थोरल्यानं बोट उचललं.

“हिनं मारलं,” तो म्हणाला. “खिडक्या बघा. फट न् फट हिनं चिकटवून टाकली आहे.”

पोलिसांनी खिडक्या पाहिल्या. त्याचं म्हणणं खरं होतं.

२

दुपारी तिथे राखेसाहेब आले.

राखेसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. ते अग्निशमन दलाचे चौकशी अधिकारी. आग विझली, बंब गेले, बघे पांगले की हे गृहस्थ यायचे आणि राखेत बोटं घालून बसायचे. आयुष्यभर उशिरा पोचायचाच पगार खाल्ल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर एक कायमची आंबट सुरकुती पडली होती. त्यांना एकच खोड होती. कुठल्याही घरात पाऊल टाकलं की चप्पल काढायच्या आधी छताकडे बघायचं आणि तिथल्या भोंग्याचं बटण काठीनं दाबायचं. साल्याच्या लग्नात सगळे अक्षता टाकत होते तेव्हा यांनी हॉलमधला भोंगा वाजवून दाखवला होता, आणि निम्मी वऱ्हाडी मंडळी रस्त्यावर गेली होती.

भोंगा म्हणजे छताला लावायचा तो पांढरा डबा, खोलीत विषारी वायू जमला की किंचाळणारा. थंडीच्या तोंडावर त्यांच्याच दलानं गल्लीतल्या घराघरांत लावून दिले होते. कामशाळेत शिरल्यावर राखेसाहेबांनी खराट्याच्या दांड्यानं बटण दाबलं.

भोंगा गप्प.

स्टुलावर चढून त्यांनी डबा उघडला. आत सेलची जागा रिकामी होती. डब्यावर कोळशाची बारीक काजळी बसलेली, पण त्या रिकाम्या खाचेत धुळीचा कण नव्हता. म्हणजे सेल निघून फार काळ झालेला नव्हता.

मग त्यांनी खोली नीट बघितली. एका कोपऱ्यात कोळशाची लोखंडी शेगडी. तिच्यातून निघालेलं पत्र्याचं धुराडं भिंतीवरून वर चढत जाऊन खिडकीच्या माथ्यातून बाहेर पडलेलं. खिडक्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या, सरसानं चिकटवलेल्या. सगळ्या खोलीला त्या सरसाचा वास. हाडं आणि कातडी उकळून केलेला डिंक तो, त्याचा वास काय अत्तराचा असणार?

“कोळशाचा वायू,” ते हवालदाराला म्हणाले. “कोळसा अर्धवट जळला आणि बाहेर जायला वाट मिळाली नाही की होतो. वास नाही, रंग नाही, आवाज नाही. सभ्य माणसासारखा येतो, शेजारी बसतो, आणि झोप लागेपर्यंत उठत नाही. गाल तेवढे गुलाबी करून जातो.”

“पण साहेब, धुराडं आहे की.”

“आहे ना. तेच तर बघतोय.”

राखेसाहेबांनी बोटाच्या पेरानं धुराडं वाजवायला सुरुवात केली, खालून वर. टण, टण, टण. वळणापाशी पोचले आणि आवाज बसला. धप्प.

त्यांनी वळणावरचं सफाईचं झाकण काढलं, आत हात घातला आणि काजळीनं माखलेला एक जाड गोळा ओढून काढला. त्याला जळक्या केसांचा वास येत होता. लोकरीचा नमदा. वाद्यांच्या पेट्यांना आतून लावतात तो.

धुराडं आपोआप तुंबलं नव्हतं. कोणीतरी बंद केलं होतं.

३

“नमदा कापायचं काम घरात कोण करतं?” राखेसाहेबांनी थोरल्याला विचारलं.

“तीच. पेट्यांना अस्तर तीच लावते.” थोरला खुर्चीच्या टोकाला बसला होता आणि कोटाच्या खिशातल्या कसल्याशा वस्तूशी चाळा करत होता. “साहेब, सरळ आहे सगळं. बाबांनी मृत्युपत्रात कामशाळा तिच्या नावानं केली होती. म्हातारा आज आहे उद्या नाही, मन बदललं तर? त्याआधीच हिनं...”

“म्हणजे कामशाळा तुम्हाला मिळणार नव्हती.”

“मी थोरला आहे.”

“तेच म्हणतो मी.”

थोरल्यानं मान फिरवली. खिशातला हात मात्र तसाच हलत राहिला.

नणंदबाई पदराला हात पुसत आल्या, बसल्या नाहीत. “मला काय विचारता? मी आपली चुलीपाशी असते. ते तिघं कानवाले, सुरवाले. मला आपलं कुकरची शिट्टी तेवढी कळते.”

“काल संध्याकाळी वहिनी कुठे होत्या?”

“असेल इथेच कुठेतरी.”

“तुमच्याबरोबर?”

नणंदबाईंनी भावाकडे पाहिलं. भाऊ भिंतीकडे बघत होता. “दूध उतू जाईल,” असं म्हणून त्या निघून गेल्या. राखेसाहेबांनी नंतर स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं, तर शेगडीवर दूध नव्हतंच.

धाकटी सून न्हाणीघरात बसून सरसाचं भांडं घासत होती. डोळे सुजलेले, पण हात थांबलेले नव्हते.

“खिडक्या तुम्ही चिकटवल्यात?”

“हो.”

“का?”

“मामंजींनी सांगितलं म्हणून. वाऱ्याची झुळूक लागली की सरस धरायच्या आत थिजतो, सांधा कच्चा राहतो. दर थंडीत चिकटवतो आम्ही.”

“आणि माणसाला हवा लागते, कोळशाला हवा लागते, ते?”

“व्हायोलिनला काय लागतं तेवढंच या घरात विचारतात, साहेब.” तिनं भांडं पालथं घातलं. “पण धुराडं होतं. भोंगा होता. मी म्हटलं, आहे ना भोंगा.”

राखेसाहेबांनी तो काळा गोळा तिच्या पुढ्यात धरला. तिनं हात पुसले, गोळा घेतला, उलटासुलटा केला आणि कडेची काजळी अंगठ्यानं निपटली. खाली एक फट दिसली. सरळ, नेटकी, पात्यानं कापलेली. आता काजळीनं बुजलेली.

“जीव घ्यायचा असता तर चिंधी कोंबली असती,” ती हळूच म्हणाली. “हा बेतून कापलाय. फट ठेवली आहे, धूर जायला. त्यांना धूर नव्हता अडवायचा.”

“मग काय अडवायचं होतं?”

“सूर.”

राखेसाहेबांना वाटलं पोरीचं डोकं फिरलं. पण ती शांतपणे सांगत होती. वारा सुटला की हे धुराडं घुमायचं. गल्लीतले लोक म्हणायचे रडतं, आणि घरचेही तेच म्हणायचे. पण ते रडत नव्हतं, गात होतं. व्हायोलिनच्या दुसऱ्या तारेचा सूर, केसभर उतरलेला.

“पार बेसूर असतं तर चाललं असतं. केसभर उतरलेला सूर म्हणजे दाढेत अडकलेला काटा. नव्या वाद्याचा आवाज पहिल्यांदा ऐकायचा असला की मामंजी धुराड्याला शिव्या घालायचे. व्हायोलिनचा आवाज दाबायला तारांखालच्या घोडीवर म्यूट बसवतात, तसा हा धुराड्याचा म्यूट आहे. घटकाभर लावायचा, वाद्य ऐकायचं आणि काढून टाकायचा.” तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. “काढायचं राहून गेलं. लोकर करपल्याचा वाससुद्धा आला नसेल त्यांना. या घरात सरसापुढे कसला वास येतो?”

“मग हे सकाळीच का नाही सांगितलंत?”

तिनं गोळा त्यांच्या हातात परत दिला.

“कारण धुराड्याचा सूर या घरात दोघांनाच ऐकू येतो, साहेब. एक ते. दुसरी मी.”

४

समोरच्या घरात दातांचे डॉक्टर राहायचे. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. राखेसाहेब जिना चढून गेले तेव्हा डॉक्टर हातमोजे घालून पेपर वाचत होते, कारण पानं उलटताना बोटं तुटतील अशी त्यांना भीती होती.

“त्या धुराड्याबद्दल मला विचारा!” डॉक्टर उसळले. “माझे पेशंट आधीच जीव मुठीत धरून येतात. मी सुई उचलतो आणि समोरून हूंऽऽऽ! परवा एक पैलवान गडी तोंडात कापूस घेऊन जिन्यावरून पळाला. अजून परत आलेला नाही. कापूसही नाही.”

“काल वारा होता?”

“काल? काल असा वारा होता की समोरच्या पाटीवरची अक्षरं उडाली.”

“मग धुराडं रडत असेल.”

डॉक्टरांनी पेपर खाली ठेवला. “गंमत बघा. रडत होतं, आणि रडता रडता मध्येच गप्प झालं. वारा तसाच, धुराडं गप्प. मी बायकोला म्हटलं, म्हातारा माणसात आला एकदाचा. मग त्या कामशाळेतून व्हायोलिनचा सूर आला. एकच सूर, लांब, पुन्हा पुन्हा. छान वाटलं हो. मी तर खिडकीशी उभा राहून ऐकला.” ते थांबले. “मग तोही हळूहळू थांबला. वाटलं, म्हातारा झोपला.”

राखेसाहेबांच्या चेहऱ्यावरची आंबट सुरकुती आणखी खोल गेली. म्हणजे नमदा बसला तेव्हा वस्ताद आत होते, जागे होते, आणि लगेच गज हातात घेऊन बसले होते.

“त्या वेळी समोरच्या स्वयंपाकघरात कोण होतं, दिसलं?”

“दिवा होता. काचेवर बर्फ चढलेला. सावली हलत होती. एक का दोन, देव जाणे.”

राखेसाहेब जिना उतरले. रस्त्यावर वस्तादांच्या दाराबाहेर एक पत्र्याची ट्रंक ठेवलेली होती. दोरीनं बांधलेली. धाकट्या सुनेची, थोरल्यानं बाहेर काढलेली. गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी वाट बघत उभी.

धुराडं गप्प झालं तेव्हा धाकटी सून कुठे होती, आता सगळं त्या एका वाक्यावर येऊन ठेपलं होतं, आणि ते वाक्य नणंदबाईंच्या तोंडात होतं.

५

राखेसाहेबांनी तिघांना कामशाळेत बसवलं. खिडक्यांवरच्या पट्ट्या टरकावून काढल्या, धुराड्याचं झाकण लावलं, आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगून वाऱ्याची वाट बघत उभे राहिले. वारा आला. धुराडं घुमू लागलं.

“काय ऐकू येतंय?” त्यांनी थोरल्याला विचारलं.

“वारा.”

“तुम्हाला, बाई?”

“रडतंय मेलं,” नणंद म्हणाली. “नेहमीसारखं.”

धाकट्या सुनेला त्यांनी विचारलं नाही. तिनं दात असे आवळले होते की कानशिलाची शीर उडत होती. ते सगळ्यांना दिसलं.

“तुम्हा दोघांना हा आवाज आहे,” राखेसाहेब म्हणाले. “वस्तादांना ही शिक्षा होती. त्यांनी नमदा बेतला, फट ठेवली, धुराड्यात बसवला आणि लगेच व्हायोलिन घेतलं. समोरच्या डॉक्टरांनी ते ऐकलं. फटीत काजळी भरली. खिडक्या बंद. वायू परत खोलीत आला. यात खून नाही. वस्तादांनी स्वतःच्या कानापायी स्वतःचा श्वास बंद केला.”

“आणि भोंगा?” थोरला ओरडला. “तो का नाही वाजला?”

राखेसाहेब याच प्रश्नासाठी थांबले होते. “खिशातलं यंत्र बाहेर काढा.”

थोरल्याचा हात खिशातच थबकला. हवालदार एक पाऊल पुढे आला, तेव्हा कुठे यंत्र बाहेर निघालं. चपट्या डबीएवढं, काटा असलेलं, सूर तपासायचं. राखेसाहेबांनी ते उलटं करून मागचं झाकण सरकवलं आणि आतला चौकोनी सेल तळहातावर घेतला. सेलच्या कडेला लाल ठिपका होता.

“लोक भोंग्यातले सेल काढून पोरांच्या खेळण्यांना लावतात. म्हणून घरोघर भोंगे लावताना प्रत्येक सेलवर मी एक ठिपका देतो. बायकोच्या नेलपॉलिशचा. बाटली संपली म्हणून घरी बोलणी खाल्ली आहेत मी.” त्यांनी सेल बाकावर उभा ठेवला. “धुराडं वस्तादांनी गप्प केलं. भोंगा तुम्ही.”

मग थोरला बोलू लागला तो बाकाकडे बघतच.

“सकाळी गिऱ्हाईक यायचं होतं. यंत्रातला सेल संपला, दुकानं बंद झालेली. म्हटलं, रात्रीपुरता घेऊ. एका रात्रीत काय होतंय? यंत्राशिवाय गिऱ्हाइकासमोर गेलो असतो तर बाबा पुन्हा म्हणाले असते, ‘याला यंत्र लागतं. सूनबाई, तू ये, तुला कान आहेत.’ सगळ्यांसमोर. दर वेळी.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. त्या क्षणी राखेसाहेबांना त्याची कीवसुद्धा आली. पण हात खाली आला तेव्हा मागचा चेहरा बदललेला होता.

“ठीक आहे. सेल मी काढला. ती चूक झाली. पण भोंगा काही वायू करत नाही. वायू धुराड्यानं केला. आणि धुराडं बाबांनीच बंद केलं याला पुरावा काय? तो सूर हिलाही टोचतो. आत्ता तुम्हीच दाखवलंत सगळ्यांना. नमदा कापायला हिचाच हात लागतो. बाबा व्हायोलिन घेऊन बसले होते, हिनं मागून येऊन बोळा बसवला आणि निघून गेली.”

राखेसाहेबांना कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. पोरीला सोडवायला त्यांनी जी गाठ सोडली होती, तीच तिच्या गळ्याभोवती बसली होती. त्यांनीच बसवली होती.

त्यांनी नणंदबाईंकडे तोंड वळवलं.

“बाई, धुराडं गप्प झालं तेव्हा तुम्ही कुठे होता?”

“स्वयंपाकघरात.”

“आणि वहिनी?”

धाकटी सून पुढे झाली. “वन्सं, आपण भांडी लावत होतो ना? आवाज थांबला तेव्हा तुम्हीच म्हणालात, ‘सुटलो गं बाई एकदाचे.’ आणि मी म्हटलं, मामंजींनी काहीतरी शक्कल लढवली वाटतं. तुम्ही हसलात. आठवा ना.”

नणंदबाईंनी एकदा भावाकडे पाहिलं. एकदा जिन्याकडे, जिथे त्यांची खोली होती. एकदा दाराबाहेरच्या ट्रंकेकडे. ती एकच ट्रंक होती. दुसरी ठेवायलाही तिथे भरपूर जागा होती.

“मी काही हसले नाही,” त्या म्हणाल्या.

“वन्सं!”

“मला काही आठवत नाही, साहेब. मी एकटीच होते. माझं ताट या घरात आहे, मला कशाला विचारता नको ते?”

वारा पुन्हा आला. धुराडं घुमलं. धाकट्या सुनेनं कानांवर हात नेले आणि मग, सगळे बघतायत हे लक्षात येऊन, खाली घेतले.

हवालदार तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

६

आता तुम्ही सगळे तोंडं पाडून बसलात. अहो, असं कसं होईल? जगात काही न्याय आहे की नाही?

ऐका पुढे. हवालदार तिचा दंड धरणार, एवढ्यात बाहेर गाडी वाजली. दार उघडलं, आणि दारात घोंगडीत गुंडाळलेले, दोन्हीकडून दोघांनी धरलेले, नाक लाल झालेले कोण उभे? वस्ताद! मेले असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं? सापडले, एवढंच सांगितलं होतं. आणि सापडले कसे? पहाटे भोंगा किंचाळला म्हणून! सगळी गल्ली जागी झाली, डॉक्टर तर खाटेवरून पडले. सून अनवाणी धावली, तिनं हातोडीनं खिडकीची काच फोडली, म्हाताऱ्याला वाऱ्यावर धरलं. दवाखान्यात दोन घोट गरम पाणी पोटात गेलं आणि वस्तादांनी डोळे उघडून पहिली शिवी घातली.

दारातूनच ते गरजले, “गाढवा! बोळा मी बसवला! माझं धुराडं, माझा नमदा, माझे कान! तिला हात लावशील तर रंध्यानं सोलून काढीन!”

थोरला थरथर कापायला लागला. नणंदबाई रडायला लागल्या, म्हणाल्या, आठवलं, आठवलं, आम्ही दोघी होतो, मी हसलेसुद्धा. वस्तादांनी कामशाळेची किल्ली काढून सगळ्यांसमोर धाकट्या सुनेच्या हातात ठेवली. राखेसाहेबांच्या चेहऱ्यावरची ती जन्माची आंबट सुरकुती तिथल्या तिथे मिटली, बायकोनं संध्याकाळी त्यांना ओळखलं नाही. ट्रंक परत आत आली. आणि बाहेर असं ऊन पडलं म्हणता, की गटाराच्या कडेचे उजेडाचे ढीग वितळले आणि गल्लीभर गुडघाभर उजेड...

“थांबा.”

भिंतीला टेकून बसलेली एक बाई. सुरुवातीपासून चकार शब्द बोलली नव्हती. आताही ती मोठ्यानं बोलली नाही, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं.

“उजेड खराट्यानं झाडला, ते मानलं. न्हाव्याला सुतार लागला, तेही मानलं. पण भोंग्यातला सेल थोरल्याच्या खिशात होता ना? मग भोंगा वाजला कसा?”

सगळे माझ्याकडे बघू लागले.

“आणि भोंगा वाजलाच नाही,” ती म्हणाली, “तर त्या पोरीच्या बाजूनं बोललं कोण?”